कॉलरवरचा गुलाबी डाग

माजिवड्याच्या लाँड्रीत प्रभाकरकाका पांढरा शर्ट छातीशी धरून ताटकळले होते. पुढे लाँड्रीवाल्यासमोर कलावती आणि तिचा नवरा धाकू यांची जुंपली होती.

"भाऊ, ह्यांच्या कॉलरवरचा हा गुलाबी डाग बघा."

"लिपस्टिक का, वहिनी?"

"तेच विचारतेय कालपासून!"

"अहो, डाग पिवळा होता. हिनेच त्यावर ब्लीच ओतलं!"

"ब्लीचने गुलाबी झाला? मग तो सनस्क्रीनचा. त्यावर ब्लीच पडलं की असाच होतो," लाँड्रीवाला म्हणाला.

"सनस्क्रीन? म्हणजे रुचिताची ट्यूब तुम्ही संपवता? आणि मी उगाच पोरीला ओरडतेय!"

"हळू बोल गं, लोक ऐकतायत. लिपस्टिकच आहे, झालं समाधान?"

"थापा नका मारू. तुमच्या कॉलरला कोण लावतंय लिपस्टिक!"

लाँड्रीवाला हसू दाबत मागच्या काकांकडे वळला.

"काका, तुमचा डाग कसला?"

"वरणाचा," कॉलर मुठीत झाकत काका म्हणाले.