व्याह्यासमोर विगिंग

हुमनाबादच्या तहसिलीत रांगेत माझ्यापुढं दोघं म्हातारे बोलायलेत.

"जगदेवप्पा, तुझं काम तर मागल्या हप्त्यातच झालं. परत कामून आलास?"

"त्या दिवशी नव्या साहेबानं मला विगिंग दिली, हावगेप्पा."

"म्हंजे काय?"

"इंग्रजीतली खरडपट्टी. साहेबाचा कारकून, पेशकार म्हणला, ही बड्या माणसालाच भेटते."

"मला तर जुन्या साहेबांकडून जलमभर उर्दूतच भेटली."

"गावात कुणी खरं मानंना. म्हणून आज व्याह्याला संगट आणलंय. साहेब चिडावा म्हणून अर्जावर सरकारी तिकीट मुद्दाम उलटं चिकटवलंय."

घटकाभरानं जगदेवप्पा मान खाली घालून बाहेर आला.

"काय झालं?"

"साहेबानं हसून तिकीट सुलटं केलं. वर मला खुर्ची दिली. व्याह्यासमोर इज्जत गेली बघ."