डाव्या बाजूचं दार

— बस गं, उभी का? अंघोळीला गेलेत हे, ट्रक काही पळून जात नाही, समोरच लावलाय. मालकांचा निरोप आला होता कालच — ड्रायव्हिंग स्कूलमधून पास झालेली मुलगी पाठवतोय, उस्तादांच्या हाताखाली तयार करा म्हणून. मला वाटलं होतं चांगली दांडगी असशील — असू दे, ट्रक काय खांद्यावर घ्यायचाय? चहा घे. एक आधीच सांगते, ह्यांच्यासमोर त्या शाळेचं नाव काढू नकोस. फी भरून ट्रक शिकणं म्हणजे ह्यांच्या मते अंथरुणावर पोहायला शिकणं — मोकळं मैदान, प्लास्टिकचे शंकू आणि रिकामी गाडी. माल भरलेली गाडी उतारावर मागून कशी ढकलते, ते कुठली शाळा दाखवणार? नाही ना दाखवलं? — तेच तर. ह्यांनी जेवढे तयार केले ते सगळे शेजारी बसवून. पहिले दोन महिने स्टिअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. काचा पूस आणि रस्ता बघ. आधी बघायला शीक म्हणायचे, हात आपोआप शिकतात. — बघायला.

काय म्हणत होते मी? हां, तुझी शाळा. तशी मी काही शाळेला नावं ठेवत नाही, बरं का — शिस्त तिथेच लागते. डोळे तपासतात ना तुमचे? म्हणजे नुसती अक्षरं वाचून घेतात, की कडेचंही बघतात — समोर नजर असताना बाजूने कोणी आलं तर कळतं का, ते? — तपासतात. यंत्रावर. आणि ज्याला कळत नाही त्याला? — घरी पाठवतात. बरोबरच आहे. मी आपलं सहज विचारलं.

तो कप तिथे नको, इकडे उजवीकडे सरकव — ह्यांचा आहे. डावीकडे ठेवला की तसाच गार होतो. काय बघतेस? वय झालं की माणूस विसरतो — नाही गं, विसरत नाहीत. मी मुद्दाम केलं एकदा, भाजी अळणी केली आणि मीठ ठेवलं डाव्या हाताला. मुकाट्याने जेवले. मागितलंसुद्धा नाही — चिमूटभर कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस हा. डावा खांदा काळानिळा झालाय, चौकट लागते रोज. ट्रकचा डावा पत्राही घासलाय — हमालांनी घासला म्हणे. मीही मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

मागचा शिकाऊ का सोडून गेला, सांगितलं का मालकांनी? — प्रवास झेपत नाही म्हणून? त्यांना तसंच सांगितलं असेल त्याने. तो इथे आला होता, तू बसलीस तिथेच बसला, चहासुद्धा घेईना. काकू, डावीकडून सायकलवर एक बाई होती, मागे लेकरू होतं, मी ओरडलो म्हणून — एवढं बोलला आणि रडायलाच लागला. तेव्हापासून गाडी निघाली की वळणाआड जाईपर्यंत मी दारातच उभी असते. आणि परत आली की मी आधी ह्यांचं तोंड बघत नाही, डावा पत्रा बघते, कशाचा डाग तर नाही. नवरा सुखरूप आला त्याचं काही नाही, डाग बघते — लाज वाटते मला.

डॉक्टर? विषय काढला तर ताटावरून उठले. ट्रक सुटला तर काय करायचं ह्यांनी? ट्रकशिवाय दुसरं काही केलंच नाही कधी. म्हणून मीच मालकांच्या बायकोला गाठलं, कारण नाही सांगितलं, नुसतं म्हटलं की शाळेतून शिकलेलं कोणीतरी द्या — पहिल्या दिवसापासून चालवू शकेल असं. ह्यांना वाटतंय तू शिकायला आलीस. — अशी बघू नकोस गं. मालकांना सांगायचं असेल तर सांग, तुझं काही चुकणार नाही. पण आज गाडी भरलेली आहे, आणि तू उठून गेलीस तर हे एकटे निघतील.

ही घे किल्ली. रोज मीच उजव्या खुंटीला लावते, दिसावी म्हणून. आज तुझ्या हातात राहू दे. म्हण, उस्ताद, मी चालवते, चुकले तर सांगा. चिडतील. तुझ्या शाळेचा उद्धार करतील. करू देत.

आले. — अहो, ही मालकांनी पाठवलेली. — किल्ली? तिच्याकडे दिली मी. — हो, तिच्याकडेच. — अहो, चहा तरी घ्या. उजवीकडे आहे.

गेले. चहा तसाच टाकून. थांब, उठू नकोस, खिडकीतून बघू दे मला. ड्रायव्हरच्या दाराशी उभे आहेत, दाराला हात लावलाय. आता हाक मारतील बघ, किल्ली मागतील. आता — नाही. पुढून वळले. पलीकडे गेले. तिकडचं दार वाजलं. चढले गं, डाव्या सीटवर बसले. म्हणजे ह्यांनाही सगळं —

जा तू. जा बाई, वाट बघतायत ते.