साठच्या स्पीडचे झटके

अहो, झटके गाडी देत होती आणि म्हातारी ठरले मी! सांवेर रोडवर साठचा स्पीड धरला की इंजिन मधेच मरगळायचं, मधेच उसळायचं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा माझा पाय जागचा हलत नव्हता. मेकॅनिकला म्हटलं, "पेट्रोल नीट पोहोचत नाहीये. फिल्टर बघ."

तो माझ्या मुलाला म्हणाला, "भिया, माताजी का पैर कांपता होगा."

मुलगा म्हणाला, "आई, आता तुझं ड्रायव्हिंग बंद. किल्ली दे."

मग तो स्वतः चालवायला बसला. तेच झटके!

मेकॅनिक लगेच म्हणाला, "अरे भिया, गाडी में ही फॉल्ट है."

फिल्टरच तुंबलेला निघाला. नवा घातला. गाडी आता मस्त पळते, असं मुलगा सांगतो. किल्ली अजून त्याच्याच खिशात आहे.