माहेरची उधई

राज्य नवं झालं होतं, पण मेहकरहून सुटणारी एसटी तीच जुनी होती. जानरावांच्या समोरच्या बाकावर दोन बाया बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं होतं.

"सोजराबाई, काय हाय वं मडक्यात?"

"उधई."

वाळवीचं नाव ऐकताच जानरावांनी पायाशी ठेवलेली लाकडी पेटी हळूच मांडीवर घेतली.

"लोक राकेल ओतून मारतात तिले, अन् तू घेऊन चालली?"

"लेकीच्या हौदात मागूर मासोळीची पिल्लं हायत. ढेपीले तोंड लावत नव्हती, मरून राह्यली होती. मंग पोरीनं उधई टाकून पाह्यली, तं तुटून पडली. आता बोटाएवढी झाली."

"वारूळ फोडलं काय?"

"नागोबाच्या घराले मी हात लावीन काय? मडक्यात ओलं शेन अन् कडबा भरला, अन् भिंतीपाशी पालथं घातलं. उधई आपल्या पायानं आली."

"पोरीच्या सासूले चालते?"

"आमची उधईनं खाल्लेली चौकट पाहून लग्नात तीच बोलली होती, या घरात उधईशिवाय हाय काय? पोरीनं इतकी वर्सं आयकून घेतलं."

"अन् आता?"

"आता तिनंच सांगावा धाडला. म्हने, इहीनबाई, येतानी तुमच्या घरची उधई आना."

"मंग सगळी आनली?"

"नाही वं. धाकटीच्या लग्नात द्याले ठेवली थोडी."

जानरावांनी पेटी पुन्हा खाली ठेवली आणि सरकून मडक्याला बाकावर जागा करून दिली.