तिसरा तारा

नाही साहेब, नव्या झेंड्यावर एकही तारा नको, ते कळलं मला, पण लेखी आणा — आधीच्या सरकारचंही सगळं तोंडीच असायचं. बसा. आता मार्शल मुनीफ म्हणता, पण तेव्हा कसला मार्शल, साधा कॅप्टन. पहाटे रणगाडे घेऊन रेडिओ स्टेशनात शिरला आणि दुपारी त्याचा माणूस माझ्या दुकानात — राजाचा मुकुट उसवा, दोन तारे लावा. लावले. सगळे अरब एक होणार, महासागरापासून आखातापर्यंत एकच झेंडा, आणि तो शिवणार कोण? मी, नझीहा. गल्लीतल्या बायका मला अहोजाहो करायला लागल्या.

मग शेजारच्या देशाशी एकी झाली, तिसरा तारा आला. नऊ हजार झेंडे, अकरा दिवसांत. कापड बेतायला माझा भाऊ रुश्दी — हात सोन्याचा, जीभ मात्र लांब. म्हणाला, "ताई, हा तारा कच्च्या टाक्यानं घाल, काढायला सोपा जाईल." हसलो आम्ही. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण त्याच आठवड्यात मार्शल स्वतः दुकानात आला, फोटो काढायला. माझा हात हातात घेतला, म्हणाला, "बहीणबाई, तुझे टाके म्हणजे अरबांची एकी." मी गडबडले. एवढा मोठा माणूस, काहीतरी बोलायला हवं — तेवढंच सुचलं, कच्च्या टाक्याचं. तो पोट धरून हसला, म्हणून अधिकारी हसले, मीही हसले. "कोण म्हणालं हे?" इतक्या मायेनं विचारलं हो. नाव सांगितलं मी. संध्याकाळी रुश्दीला घेऊन गेले. सहा वर्षं.

वर्षाच्या आत एकी मोडली — फोटो कोणाचा वर लावायचा यावरून, म्हणतात — तारा काढा. काढला. पण पांढऱ्या कापडावर सुईची भोकं राहतात ना, उन्हात धरलं की तारा दिसायचाच. पुढे लढाई झाली, रेडिओवर आपण तीन दिवस जिंकत होतो, चौथ्या दिवशी नुसता बँड. मार्शलला त्याच्याच रक्षकांनी विमानतळावर धरलं. पुतळा ओढायला दोर अपुरा पडला, तर लोकांनी झेंड्यांना पीळ देऊन बांधले — तुटले नाहीत साहेब, माझं काम पक्कं.

रुश्दी सुटला तो त्याच आठवड्यात. दाढी सगळी पांढरी. एकच विचारलं त्यानं, "त्या तांबटाचं काय वाकडं केलं होतं मी?" कारण चुगली समोरच्या तांबटानं केली, असं मीच सांगितलं होतं गल्लीत. काहीतरी सांगायला हवं होतं ना? त्याची गिऱ्हाइकं तुटली, दुकान विकून गेला बिचारा. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला बोलते, घरात तर हे कधी —

रुश्दी. तू कधीपासून उभा आहेस दारात?

साहेब, तुम्ही या आता. नाही, उद्याही नको.