अर्ध्यावर ओढलेले शटर

मी, खाली सही करणार, वय वर्षे ७४, धंदा चित्रांना व फोटोंना फ्रेम करून देणे, राहणार दुकानामागच्या खोलीत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील जागी मी एकटाच राहतो. पत्नी हयात नाही. मुलगा वरच्या मजल्यावर राहतो. त्याची पत्नी, म्हणजे माझी सून, गेल्या वर्षापासून माझ्या नातीला घेऊन वेगळी राहते. त्यांचा घटस्फोटाचा दावा कोर्टात चालू आहे. नातीला घरात भिंगरी म्हणतात. तिचा ताबा कोणाकडे राहील याचा निकाल व्हायचा आहे. तोवर ती दर रविवारी मुलाकडे येते व सायंकाळी सून तिला माझ्या दुकानातून घेऊन जाते. नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून दुकान मध्ये.

निघण्यापूर्वी भिंगरी मला एक कविता म्हणून दाखवते, हा आम्हा दोघांचा नेम आहे. कविता माझ्या लहानपणच्या, शाळेतल्या. गिऱ्हाईक मध्येच येऊ नये म्हणून तेवढ्यापुरते मी शटर अर्ध्यावर ओढतो. त्याखालून कोणी जाऊ लागले की बघणाऱ्याने "डोकं!" असे ओरडायचे, ही माझ्या पत्नीने घातलेली शिस्त. आता जुनी गिऱ्हाइकेही ओरडतात.

गेल्या रविवारी कविता नदीची होती. ती आम्ही वर्गात चालीवर म्हणत असू. मास्तर डोळे मिटून टेबलावर ठेका धरत, खिडकीतून उन्हाची तिरीप फळ्यावर यायची, आणि शेवटच्या कडव्यात ती नदी... येथे साहेबांनी "आजोबा, नदी राहू द्या" असे सांगितल्यावरून पुढचे सोडले आहे.

कविता संपेपर्यंत सून स्टुलावर बसून ऐकत होती. एक ओळ भिंगरी विसरली ती तिनेच सांगितली. निघताना मी भिंगरीला शाळेच्या हस्तकलेसाठी सोनेरी फ्रेमपट्टीचा उरलेला तुकडा दिला. तो सुनेने आपल्या हातात घेतला.

तेवढ्यात मुलगा जिना उतरून आला व म्हणाला, "पुढच्या रविवारी ती परत जायची नाही. सांगून ठेवतोय."

सून म्हणाली, "ते कोर्टात सांगा."

"कोर्टाची भीती मला घालू नकोस!"

यावर ती भिंगरीला घेऊन, अर्ध्या शटरखालून वाकून, बाहेर गेली. मुलगा तिच्या पाठोपाठ निघाला, पण तोंड माझ्याकडे होते. "बघा, बघा तुमच्या लाडक्या सूनबाईंचा तोरा," असे तो मला म्हणत होता. तेव्हा सून फुटपाथवरून ओरडली, "अहो, डोकं!" तोवर शटरची कड त्याच्या कपाळावर बसली होती. रक्त आले. सून ओढणी घेऊन पुढे झाली, ती त्याने झटकली. भिंगरी रडू लागली, तेव्हा सून तिला घेऊन निघून गेली.

सुनेने पट्टीने कपाळावर मारले, ही मुलाची तक्रार मला वाचून दाखवली. ती खरी नाही.

आज इकडे येताना मुलगा मला म्हणाला, "बाबा, वकील म्हणतात, मारहाणीचा गुन्हा तिच्यावर लागला की ताब्याच्या अर्जात आपलं पारडं जड होतं. मग भिंगरी कायमची वर राहील. रोज ऐका की कविता!"

मी म्हणालो, "अरे, पण तिनं मारलं कुठे?"

"मारलं म्हणूच नका. पट्टी तिच्या हातात होती, एवढं सांगून गप्प बसा. हे काही खोटं नाही ना?"

ते खोटे नाही. पट्टी तिच्या हातात होती. ती कोणाला लागली नाही.

तो असेही म्हणाला की, मी उलटे बोललो तर यापुढे मुलीची देवघेव कोर्टाच्या आवारात होईल व तो तिला दुकानाची पायरी चढू देणार नाही. तो बोलतो तसे करतो. साहेब म्हणाले, "ताबा कोर्ट बघेल, आजोबा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगा." तेवढेच सांगितले आहे.

मुलगा वाईट नाही. लेक घरात नसते तेव्हा तो ताटावरून अर्धपोटी उठतो. याचा गुन्ह्याशी संबंध नाही असे साहेबांचे म्हणणे पडले, तरी ते लिहून घ्यावे अशी मी विनंती केल्यावरून लिहिले आहे.

मुलगा आत्ता बाहेरच्या बाकावर बसला आहे. दार उघडे असल्याने हवालदार हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवू लागले. त्यांना मी मोठ्याने वाचायला सांगितले, कारण घरी गेल्यावर हे त्याला सांगायला माझा आवाज फुटणार नाही. त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा, बाहेर ऐकू जाईल असा वाचला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे, बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.