दुसरी रिंग

(झरी जामणी तालुक्यातील एक तांडा. सकाळ. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ धरमसिंग आणि पुण्याहून आलेली त्याची मुलगी रंजिता. आईला ती याडी म्हणते.)

धरमसिंग: म्हंजे तुह्या मशीननं आपल्या घराचीच चूक काढली?

रंजिता: घराची नाही, बा. कराराची. मी हॉस्टेलला गेले तेव्हा याडीने माझ्याशी ठरवलेला करार. तिचा एक मिस्ड कॉल म्हणजे सारं ठीक. लागोपाठ दोन म्हणजे तू फोन लाव. मिळालं, एवढं सांगायला एक उलटी रिंग. पुढे बोलणं फुकट झालं तरी आपण तो सोडला नाही. तोच मी लिहून काढला.

धरमसिंग: मराठीत?

रंजिता: त्यासाठी वेगळी भाषा असते. तिच्यात एका वाक्याचा एकच अर्थ होतो. ‘बहुतेक’, ‘जमलं तर’ असले शब्द तिच्यात नाहीत.

धरमसिंग: मंग आपल्या तांड्यात ते कोनी बोलनार नाई.

रंजिता: माणसांसाठी ती नाहीच. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम आधी लिहिले जातात. ते तपासणं हे माझं काम. संदेश हरवला, उशिरा आला, दोनदा आला, तर काय होईल? यंत्र प्रत्येक शक्यता चालून पाहतं. घोटाळा सापडला, तर कोणत्या पायऱ्यांनी तिथे पोचलो ते लिहून देतं.

धरमसिंग: आन आपल्यात सापडला.

रंजिता: चार पायऱ्यांत. पहिली रिंग पोचली. दुसरी नेटवर्कमध्ये हरवली. मला एकच दिसली, म्हणून मी ‘ठीक’ समजले. मी उलटी रिंग दिली, आणि याडीला वाटलं, निरोप कळला. दोघींचं समाधान, दोघींचा गैरसमज. बारा वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

धरमसिंग: आपल्या तांड्यातल्या घनश्यामनं तं बायकोसंग तीन रिंगांचा नियम काढला होता. तीन म्हंजे सासरा आला घरी, उशिरा ये.

रंजिता: बा, विषय बदलू नको.

धरमसिंग: नाई बदलत. पुस.

रंजिता: याडी गेली मंगळवारी पहाटे. सोमवारी संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी माझ्या फोनवर तिची एक रिंग आहे. मी उलटी रिंग दिली आणि कामाला लागले. आठ महिने मी त्या एका रिंगेकडे पाहते आहे.

धरमसिंग: आन आता मशीन म्हनते, दुसरी हरवली.

रंजिता: यंत्र एवढंच म्हणतं, की ती हरवू शकते. हरवली का, हे त्याला माहीत नाही. तुला माहीत आहे. तू इथे तिच्यासोबत होतास.

धरमसिंग: हरवली असं म्हटलं तं तुले बरं वाटीन?

रंजिता: हो. म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही.

धरमसिंग: मंग आयक. दुपारपासून तिच्या छातीत दुखून राह्यलं होतं. पित्त आहे म्हने. मी म्हटलं, टाकीपाशी रेंज भेटते, तठी चाल, छोरीले दोन रिंगा दे. तिनं एक दिली. मी म्हटलं, दुसरी दे. तं म्हने, दोन दिल्या का हातचं काम टाकून निघते ते, रातभर गाडीत उभी राहून येते. राहू द्या.

रंजिता: म्हणजे काहीच हरवलं नाही.

धरमसिंग: नाई. त्या दिवशी नेटवर्क पुरं होतं.

रंजिता: आणि माझी उलटी रिंग?

धरमसिंग: लगेच आली. तिनं मले दाखवली.

रंजिता: मग यात दोष निघणार नाही. तिने पाठवलं ते मला मिळालं, मी पाठवलं ते तिला. तपासणीत हे बरोबर म्हणूनच उतरेल. तिला मी हवी होते, हे कोणत्याच ओळीत नाही.

धरमसिंग: मी म्हटलं, झालं ना, चाल आता घरी. तं उठेच ना. खाली तांड्यात दिवे लागेपर्यंत अठीच बसून राह्यली, मोबाईल हातात धरून.

रंजिता: उलटी रिंग आल्यानंतरही? आणखी कशाची वाट पाहायची उरली होती?

धरमसिंग: मीबी हेच पुसलं. म्हने, एखाद्या बारी छोरी चुकून फोन लावीन.